भोळी आणि बेरकी

झुरळाने साखरेकडे पाठ फिरवली.

आधी ते लाल थेंबाजवळ गेले. मिशा हलवून अंदाज घेतला, थेंबाला तोंड लावले, आणि चहात कुणीतरी मीठ घातल्यासारखे दचकून मागे सरकले. मग दोन्ही मिशा एकेक करून तोंडातून ओढून स्वच्छ केल्या आणि काचेच्या पेटीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. कार्याला बोलावून मागच्या रांगेत बसवलेल्या मामासारखे.

"दुसरं सोड," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्यानेही तेच केले. तिसऱ्याने तर तोंडही लावले नाही. लांबूनच नमस्कार करून ते निळ्या थेंबाकडे गेले, ज्यात काहीच चव नव्हती, आणि तो मन लावून खाऊ लागले.

"ही भोळी आहेत ना?"

"हो मॅडम."

"डब्यावर तसं लिहिलंय ते मला दिसतंय. मी झुरळांबद्दल विचारतेय."

"भोळीच आहेत. मी आजारी पडायच्या आधी तर सगळी लाल थेंबावर तुटून पडायची."

"मग आता काय झालं? मधुमेह?"

मुंगी हसली नाही. तिच्या हातात चिमटा होता. तापातून उठून तिला फार दिवस झाले नव्हते. अंगातला पांढरा कोट खांद्यांवर नुसता टांगल्यासारखा दिसत होता. दाराशी तिचे बाबा उभे होते. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात तिच्या गोळ्या. तिसरे झुरळ निळ्या थेंबाकडे वळले तेव्हा बाबांनी गोळ्या बाटलीच्या हातात घेतल्या आणि बाटली गोळ्यांच्या.

"हे बघ," मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "बाहेरचे सर जेवणानंतर येणार. ते तक्ते बघत नाहीत. समोर करून दाखव म्हणतात. तुझ्या तक्त्यात भोळी साखर खातात आणि टेबलावर खात नाहीत. मी एकदाच विचारते आणि पुन्हा विचारणार नाही. आकडे खरे आहेत ना?"

मुंगीने चिमटा खाली ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, मी रोज मोजलंय."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'मध्ये फारसे बरे काही नव्हते.

मुंगी हे तिचे घरातले नाव. बाबांचा धंदा कीटकनाशक फवारणीचा. पाठीवर टाकी, हातात नळी, तोंडाला फडके असा त्यांचा वेश. मुलगी झाली तेव्हा त्यांनी हौसेने तिला मुंगी म्हटले आणि मुलगा झाला तेव्हा ढेकूण. त्यानंतर बायकोने जाहीर केले की आता पुरे, तिसऱ्याला हा माणूस वाळवी म्हणेल. ढेकूण मोठा होऊन नोकरीसाठी दूर गेला आणि फोनवरसुद्धा त्या नावाला ओ देईनासा झाला. मुंगी मात्र मुंगीच राहिली. कॉलेजात तिला जीवशास्त्र घ्यायचे होते, तेव्हा सगळे म्हणाले की पोरगी बापावर गेली. बाबांना आनंद झाला, पण त्यांना ते पूर्ण पटले नाही. बाप मारतो आणि पोरगी पाळते, यात बापावर काय गेले?

प्रकल्पाची सुरुवात जेवताना झाली. बाबा कुरकुरत होते. एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते वर्षानुवर्षे विषारी जेल लावत. जेल गोड असते, झुरळ ते खाते आणि मरते. "पूर्वी जेल लावलं की बोलावल्यासारखी धावत यायची," बाबा म्हणाले. "आता येतात, तोंड लावतात आणि निघून जातात. माझी किंमतच राहिली नाही."

मुंगीचा घास हातात राहिला. "सगळीच?"

"सगळीच. बेरकी झालीत."

तिने दुसऱ्या दिवशी मॅडमना गाठले. मॅडमनी समजावले की हे जगात आधीही दिसलेले आहे. ज्यांना गोड आवडायचे ती झुरळे जेल खाऊन मेली. ज्यांना जन्मतःच साखर कडू लागायची ती उरली, त्यांना तशीच पोरे झाली, आणि आता स्वयंपाकघरात त्यांचेच राज्य असते. "पण आपल्या झुरळांवर कुणी करून पाहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या, "तर तू कर."

तुलनेसाठी लागणारी झुरळे प्रयोगशाळेत होतीच. तिथे एक जुनी वसाहत होती. मुंगीच्या जन्माआधीपासून विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी ती खाऊपिऊ घालून सांभाळली होती. त्या झुरळांच्या सात पिढ्यांनी विष पाहिले नव्हते. ती भोळी. आणि हॉटेलातली बेरकी बाबांनी आणून दिली. बाटलीत घालून, जिवंत. आयुष्यात पहिल्यांदा.

"पकडून आणलीत?" बायको किंचाळली. "तुम्ही? अहो, लोकांना कळलं तर उद्यापासून दारात उभं करणार नाहीत!"

प्रयोग साधा होता. पेटीत दोन थेंब. लाल थेंब ग्लुकोजच्या जेलीचा, निळा बिनचवीच्या जेलीचा. झुरळाचे पोट फिकट असते, खाल्लेला रंग बाहेरून दिसतो. तासाभराने पोटे पाहायची. भोळ्यांची पोटे लाल, बेरक्यांची निळी. इतके स्वच्छ उत्तर आले की मॅडमनी बाहेरच्या सरांना स्वतः फोन केला. हे सर एका मोठ्या संशोधन संस्थेतले. दर वर्षी येत, सगळ्यांचे प्रकल्प बघत, आणि एका, फक्त एका विद्यार्थ्याला संस्थेत काम करायला घेऊन जात. मुंगीला पहिल्या वर्षापासून ती एक जागा हवी होती. घरात ती याबद्दल बोलत नसे, त्यामुळे घरात सगळ्यांना माहीत होते.

आणि मग मुंगीला टायफॉइड झाला.

तापात ती आईला ओळखत होती, बाबांना ओळखत होती, पण विचारायची फक्त झुरळांबद्दल. "मी जातो की," बाबा म्हणाले. "खायला घालायचं, पाणी ठेवायचं, एवढंच ना?" मॅडमनी परवानगी दिली. आणि बाबा कामावरून परस्पर, त्याच कपड्यांत, कोपरापर्यंत हात घालून डब्यांतली पाण्याची वाटी बदलू लागले.

एका सकाळी भोळ्यांचे झाकण उघडले तर निम्मी पाठीवर पडलेली. पाय वर, पाय आवळलेले. ही पोझ बाबांनी जन्मभर अभिमानाने पाहिली होती. गिऱ्हाइकाला हाताला धरून आणून दाखवली होती. त्या सकाळी ती पाहून त्यांचे स्वतःचे पाय गार पडले. कारण शोधायची गरज नव्हती. कारण त्यांच्या बाहीला लागलेले होते. शेजारच्या डब्यात बेरकी मजेत फिरत होती. त्या बाहीचा वास म्हणजे त्यांना माहेरचा वारा.

घरी आल्याआल्या अंथरुणातून आवाज आला, "बाबा, भोळी कशी आहेत?"

"मजेत," बाबा म्हणाले.

अंगात इतका ताप असलेल्या पोरीला दुसरे काय सांगायचे असते, ते त्यांना आजही सुचले नसते. ती हसली आणि झोपली. मजेत म्हटल्यावर आता झुरळांना मजेत असणे भाग होते. बाबा हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले, बाटली भरून झुरळे आणली आणि भोळ्यांच्या डब्यात सोडली. मेलेली उचलली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी मेली, तेव्हा आणखी थोडी आणली. तोवर कपडे बदलून येण्याची अक्कलही त्यांना आली होती.

आपण बेरकी आणतो आहोत हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण बाबांचा संस्कारांवर विश्वास होता. वेळच्या वेळी खाणे, स्वच्छ पाणी, विषाची भीती नाही, शिकल्यासवरल्या मुलीचे घर. अशा ठिकाणी बेरक्यातला बेरकी असला तरी महिन्याभरात भोळा होणारच, असे त्यांना मनापासून वाटले. त्यांनी आपल्या परीने प्रयत्नही केला. दार लावून, बोटावर साखरेचा कण धरून, ते डब्याशी वाकून म्हणत, "खा रे. घरचंच आहे."

कुणी खाल्ले नव्हते. पण लाजत असतील, असे बाबांना वाटले.

आता ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. शेजारी मुंगीच्या वर्गातली एक मुलगी मांडीवर मातीची परात घेऊन बसली होती. तिचा प्रकल्प गांडुळांवर होता आणि कॉलेजात सगळे तिला गांडूळवाली म्हणत. ती मातीवर हाताने पाणी शिंपडत होती.

"काका, मुंगीचं काही बिनसलंय का?"

"नाही गं. झुरळं जरा रुसलीत."

"आज रुसून कसं चालेल? बाहेरचे सर बघितल्याशिवाय सोडत नाहीत. मला म्हणाले फोटो नकोत, गांडुळं आणा."

"आणि समजा, समोर नाही झालं, तर?"

"त्यात दोन प्रकार आहेत काका. चुकलं तर चालतं. सर म्हणतात, चुका, पण मन लावून चुका. पण आधी झालं होतं असं लिहिलंय आणि समोर होत नाही, तर म्हणतात आकडे शिजवलेत."

"शिजवलेत म्हणजे?"

"म्हणजे घरी बसून मनानेच लिहिलेत. गेल्या वर्षी एक बेडूकवाला होता."

"त्याचं काय झालं?"

गांडूळवालीने आवाज खाली आणला. "आता बँकेच्या परीक्षा देतो."

बाबा उठले. ते पुन्हा बसले. मग पुन्हा उठले आणि आत गेले.

मुंगीने टेबलभर पसारा मांडला होता. नवी जेली केली होती, लाल रंग बदलून पाहिला होता, दिवा लांब ठेवून पाहिला होता, पेटी धुऊन पुसून पाहिली होती. प्रत्येक वेळी एक भोळे सोडायचे आणि प्रत्येक वेळी ते मागे फिरायचे. ती स्वतःशी पुटपुटत होती, "साखर नाही. रंग नाही. दिवा नाही. पेटी नाही."

"मुंगे," बाबा म्हणाले, "एक सांगायचं होतं."

"पाणी प्यायले मी."

"पाण्याचं नाही."

"गोळीपण घेतली. बाबा, प्लीज, आत्ता नको." मग अचानक तिने मान वर केली. "बाबा, मी नसताना डबे अदलाबदल तर नाही ना झाले?"

"नाही."

"नक्की? भोळ्यांचं झाकण बेरक्यांना लागलं, असं काही?"

"नाही गं. झाकणं बरोबर होती."

हे खरे होते. झाकणे अगदी बरोबर होती. आता सांगावे, याच वाक्याला जोडून सांगावे, असे त्यांनी ठरवले. पण मुंगी स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांडीत घेऊन म्हणाली, "मग माझंच चुकलं."

"तुझं काय चुकलं?"

"बघणं. मला लाल पोट बघायचं होतं, म्हणून मला लाल दिसत गेलं. होतं असं, बाबा. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, स्वतःला फसवणं सगळ्यात सोपं. मी रोज मोजलं आणि रोज चुकीचं मोजलं."

"अगं, पण..."

तेवढ्यात मॅडम आत आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मी विचार केलाय. तू आज सादर करू नकोस. तब्येत बरी नाही असं मी सरांना सांगते. खोटं नाही ते, आरशात बघ."

"पण मॅडम, ते म्हणतील हिने आकडे शिजवले."

"काही म्हणणार नाहीत. तुझं नावच पुढे येणार नाही."

"आणि तुम्ही काय म्हणाल?"

मॅडम टेबलावरचा पसारा आवरू लागल्या. मुंगीने कोटाची बटणे लावली, वरचे एक चुकले, ते काढून पुन्हा लावले. "मी करते," ती म्हणाली. "जे दिसेल ते सांगते. मला कळत नाही, तर कळत नाही म्हणून सांगते."

बाबांना वाटले, आत्ताच्या आत्ता बोलावे. पण मॅडम तिथे उभ्या होत्या, आणि मॅडमसमोर पोरीची मान खाली जाईल, असे त्यांच्या मनात आले. ती आधीच खाली गेलेली आहे, हे त्यांच्या लक्षात यायला आणखी थोडा वेळ लागला.

बाहेरचे सर ठेंगणे होते आणि त्यांच्या बुटाची एक नाडी सुटलेली होती. ते वर्गात आले, भिंतीवर लावलेल्या रंगीत तक्त्यांच्या रांगेकडे त्यांनी पाहिलेही नाही. एक बुटके स्टूल ओढून ते थेट प्रत्येकाच्या टेबलाशी बसत, नाक प्राण्याच्या पातळीवर. गांडूळवालीच्या मातीत त्यांनी बोट घातले आणि खूश झाले. शेवाळवाल्याला त्यांनी काहीतरी विचारले, आणि तो अजून उत्तर शोधत असतानाच ते पुढच्या टेबलाशी आले.

"झुरळं," सर म्हणाले. "दाखवा."

मुंगीने बेरकी सोडली. सगळी निळ्याकडे गेली. सरांनी मान हलवली. मग तिने भोळ्यांच्या डब्यातले एक सोडले. ते लाल थेंबाशी गेले आणि मागे फिरले. दुसरेही फिरले. तिसरेही.

"तुमच्या तक्त्यात ही खातात," सर म्हणाले. म्हणजे तक्ता त्यांनी पाहिला होता.

"हो सर."

"इथे खात नाहीत."

"नाही सर."

"मग?"

"मला माहीत नाही, सर. आधी खात होती. मी पाहिलं होतं." मुंगीचा आवाज इतका बारीक झाला की मागे बसलेले सगळे पुढे झुकले. "कदाचित माझं पाहणंच चुकलं असेल."

"कदाचित?" सरांनी चष्मा काढला. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. खिडकीबाहेर सायकलींचा तळ होता.

मागे एक खुर्ची पडली.

"साहेब," बाबा म्हणाले, "तिचं पाहणं बरोबर आहे. झुरळं चुकीची आहेत."

वर्गात हशा पिकला. सर वळले. "आपण कोण?"

"मी हिचा बाप. झुरळं मारतो. धंदा आहे माझा."

"आणि ही?"

"हीपण मारली. म्हणजे ही नाही, हिच्या आधीची. ही मी नंतर भरली."

दुसऱ्यांदा हसू फुटले ते मध्येच थांबले, कारण सर हसत नव्हते. बाबांनी सगळे सांगितले. बाही, पाठीवर पडलेली निम्मी वसाहत, हॉटेलचे स्वयंपाकघर, बाटली. सांगताना त्यांनी मुंगीकडे पाहिले नाही आणि मुंगीनेही त्यांच्याकडे पाहिले नाही. ती पेटीकडे पाहत होती.

"किती मेली?" सरांनी विचारले.

"मोजली नाहीत साहेब. आमच्यात मोजत नाहीत. सगळी मेली की काम झालं."

"नवी कुठून आणली?"

"त्याच हॉटेलातून. ओळखीची होती."

"ती साखर खाणार नाहीत, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण वाटलं, हिच्या हाताखाली राहिली की सुधारतील."

कुणीतरी नाकातून हसले. "आणि मुलीला का नाही सांगितलं?" सर म्हणाले.

"ताप होता तिला."

"उतरल्यावर?"

ताप उतरल्यावर ती पहिल्यांदा प्रयोगशाळेत आली, भरलेला डबा पाहून हसली, आणि ते हसू मोडायचे कुणी, एवढेच होते. पण हे काही परीक्षकाला सांगायचे उत्तर नव्हे.

सरांनी चष्मा पुन्हा लावला. आवाज मऊ केला, आणि तो मऊ आवाज बाबांना जास्त लागला. "हे बघा, मलाही मुलगी आहे. तिच्यासाठी वेळ आली तर मीही उठून काहीतरी सांगेन. कदाचित यापेक्षा बरं सांगेन. पण मी ते पुरावा म्हणून कसं घेऊ?"

बाबा उभेच राहिले. महिनाभर ते खोटे बोलले तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता.

"सगळी मेली होती का?"

हे मुंगीने विचारले होते. पेटीवरची नजर न काढता.

"काय?"

"बाबा, भोळी सगळी मेली होती का?"

"नाही. थोडी उभी होती. थोडी मी पाहिली नाहीत."

"मग ती यातच आहेत." आता ती सरांकडे वळली, आणि तिच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदा जोर आला. "सर, बाबा खरं सांगत असतील, तर डब्यात मिसळ आहे. बेरकी खाणार नाहीत. पण जुनी उरलेली खातील. एक जरी उरलं असेल तरी खाईल. आणि बाबा खोटं सांगत असतील, तर एकही खाणार नाही. मी सगळी सोडून बघते."

"सगळी?"

"एकेक करून."

सरांनी घड्याळाकडे पाहिले आणि ते मनगटावरून काढून खिशात ठेवले. "सोडा."

मुंगी एकेक झुरळ काचेच्या नळीत घ्यायची, पेटीत सोडायची, पाहायची, बाजूच्या बरणीत टाकायची. पहिली काही झाली तोवर वर्ग कुजबुजत होता. मग कुजबूज थांबली. झुरळ लाल थेंबाशी जाई, वर्ग श्वास धरी, झुरळ मागे फिरे, वर्ग श्वास सोडी. गांडूळवाली आपली परात सोडून पुढे आली. शेवाळवाला बाकावर चढला. बरणी भरत चालली आणि डबा रिकामा होत चालला.

बाबा भिंतीला टेकले होते. त्यांच्या हातून लाखो झुरळे गेली असतील. त्यातले एक जगावे असे त्यांना आजवर कधी वाटले नव्हते, त्यामुळे हे कसे मागायचे असते आणि कुणाकडे, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी नुसत्या मुठी आवळल्या.

डब्यात पुठ्ठ्याची एक सुरळी राहिली. मुंगीने ती हलवली. दोन खाली पडली. एक सोडले, ते मागे फिरले. सर मागे रेलले. मॅडमनी डोळे मिटले.

शेवटचे झुरळ बारीक होते आणि जरा लंगडत होते. ते पेटीच्या कडेने फिरले, निळ्या थेंबाला वळसा घातला, लाल थेंबाशी आले, मिशा टेकवल्या, तोंड लावले.

आणि खात राहिले.

झुरळ खात होते. सर स्टुलावरून उतरून गुडघ्यांवर आले आणि त्यांचे नाक काचेला लागले. काचेवर वाफ धरली, ती त्यांनी बाहीने पुसली. फिकट पोटात, छातीकडच्या टोकाजवळ, आधी गुलाबीशी आणि मग स्पष्ट लाल रेघ उतरली.

"खातंय," शेवाळवाला बाकावरून म्हणाला, जणू बाकीच्यांना दिसत नव्हते.

मुंगीने ते नळीत घेतले आणि उजेडात धरले. बराच वेळ पाहिले. "नर आहे, सर," ती म्हणाली.

"एकच?"

"एकच."

सर उठले, गुडघे झटकले. "म्हणजे भोळी होती," ते म्हणाले. "आकडे राहू द्या तसेच. वसाहत गेली." आणि थोडे थांबून म्हणाले, "मुली, तू चांगलं पाहतेस. दुसऱ्याने सांगितलं म्हणून स्वतःचं पाहिलेलं सोडू नकोस. आणि स्वतःच्या मनाने सांगितलं म्हणूनही नको." मग ते पुढच्या टेबलाकडे गेले.

मॅडम रिकाम्या डब्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मी इथे शिकत होते तेव्हा या डब्याला खाद्य घालायचे," त्या म्हणाल्या. कुणालाच उद्देशून नाही.

संस्थेची जागा गांडूळवालीला मिळाली. ती व्हरांड्यातून धावत आली, मुंगीला पाहून तिने चेहऱ्यावरचे हसू जरा आत घेतले. मुंगीने तिचा मातीचा हात धरून जोरात हलवला आणि म्हणाली, "गांडुळांना सांगितलंस का?" मग ती प्रयोगशाळेत परत गेली. बाबा मागोमाग गेले, कारण त्यांना कुणी येऊ नको म्हटले नव्हते.

मिसळलेली वसाहत ठेवायची नसते. बरणीतल्या झुरळांचे काय करायचे हे मुंगीने सांगितले नाही, बाबांना ते आपोआप कळले.

"टाकी गाडीला आहे," ते म्हणाले. "मी एका मिनिटात..."

"नको. थंडीत ठेवायची. सावकाश झोपतात."

"बरं."

एकट्या नराला तिने वेगळ्या बाटलीत घातले, आत लाल जेलीचा थेंब ठेवला आणि बाटली फळीवर ठेवली. मग बरणी फ्रीझरमध्ये ठेवली, दार लोटले आणि समोर स्टुलावर बसली. बाबांनी दुसरे स्टूल ओढले. जवळ ओढावे की नाही हे न ठरल्यामुळे ते मध्येच ठेवून बसले.

"थांबायचं असतं?" त्यांनी विचारले.

"हो. होईपर्यंत थांबायचं."

फ्रीझर घुरघुरत होता. बाबा मारून झाले की टाकी उचलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे जात. असे समोर बसून राहण्याचा त्यांना सराव नव्हता. हात कुठे ठेवावेत कळेना.

"मी रोज विचारत होते," मुंगी म्हणाली.

"हो."

"रोज तुम्ही मजेत म्हणालात."

"रोज म्हणालो."

"मला वाटलं माझे डोळे चुकले. आज सकाळपासून मी सगळ्यावर संशय घेतला, बाबा. साखरेवर. दिव्यावर. स्वतःवर. तुमच्यावर घ्यायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

बाबा फ्रीझरच्या दारावरच्या चुंबकाकडे पाहत बसले. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी खुर्च्या ओढत होते. थोड्या वेळाने तेही थांबले.

"दार नीट लागलंय का हो, बाबा?"

बाबा उठले. वाकून, रबराची कड वरपासून खालपर्यंत नीट पाहिली, हाताने दाबून पाहिली. "लागलंय," ते म्हणाले आणि परत येऊन बसले.

मुंगीने मान हलवली. मग ती उठली आणि स्वतः जाऊन दार दाबून पाहिले.

दार लागलेलेच होते.